जिना, हौद, फुगडी

1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. छावणीचं शहर झालं, तरी नाव लश्करच राहिलं. फाळके बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ ही नावं त्या फौजेबरोबर आलेल्या माणसांची. या मराठी घरांनी ग्वाल्हेरात गाणं सांभाळलं, हे सगळे सांगतात. त्यांनी शरीरंही सांभाळली होती. कशाच्या आधारानं, त्याची ही नोंद. यातलं काही गेलं आहे, काही जायच्या वाटेवर आहे. क्रम सुचेल तसा.

वाड्याचा जिना. दगडी, अरुंद, दिवसाही अंधारा. पायऱ्या उंच, धरायला वरून सोडलेला दोर. पाणी खाली, चूल वर, वाळवणं गच्चीवर, आणि विसरलेली वस्तू नेहमी दुसऱ्याच मजल्यावर. लश्करातले वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. त्यांच्या जागी खाली दुकानं आणि वर फ्लॅट होतात. पुढची पिढी सिटी सेंटर वस्तीकडे राहायला गेली, तिथे लिफ्ट आहे. गुडघे धरलेल्या आजींना ती हवीच. पण तिशीतला धडधाकट माणूस दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट पाहत उभा असतो, ते मला बघवत नाही.

पाट. जेवायला खाली बसायचं आणि हाताचा टेकू न घेता उठायचं. म्हातारपणी पडण्याची भीती असते ती बरीचशी मांड्या आणि कंबर दुबळी झाल्यामुळे, आणि दोन्हींना रोज काम देणारी ही लाकडी फळी होती. आता ती सत्यनारायणाला निघते.

हौद. तालमीच्या मधला मातीचा खड्डा. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचं, आणि ती रोज खणायची. हे खणणं नव्या पोरांकडे असे. कुस्ती मिळण्याआधी फावडं मिळायचं आणि त्यातच खांदे भरायचे. ग्वाल्हेरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, म्हणून सगळा मामला उजाडायच्या आत. नागपंचमीला हौदाची पूजा आणि कुस्त्या. आखाडे अजून आहेत, पण स्पर्धा मॅटवर होतात, म्हणून सरावही मॅटवर होतो. ते बरोबरच आहे. मॅट खणावी लागत नाही, एवढाच फरक.

नाल. मधे मूठ कोरलेला, उचलायचा जड दगड. कोपऱ्यात पडून असतो.

करेला, मुद्गल, फरीगदगा, बनेटी, ही तालमीतली जुनी साधनं. यातली बनेटी गणपतीच्या मिरवणुकीत कधीमधी दिसते. लेझीमही मिरवणुकीपुरती उरली. पूर्वीची लेझीम म्हणजे लाकडी दांड्याला धनुष्यासारखी ताणलेली जाड लोखंडी साखळी. ती ओढताना छाती आणि दंड भरून यायचे. आताची हलकी आहे, वाजते छान.

वस्ताद. ही वस्तू नव्हे, पण यादीत आलाच पाहिजे. कोणाच्या घरी दूध येतं, कोणाचा बाप आजारी आहे, कोण परीक्षेला बसलाय, हे त्याला ठाऊक असे, आणि त्याप्रमाणे तो जोर-बैठकांचा आकडा ठरवी. चार दिवस न आलेल्या पोराच्या दारात तो उभा राही. आजच्या जिममध्ये यंत्रं उत्तम आहेत आणि शिकवणारी मुलं मन लावून शिकवतात. मात्र वर्षाची फी भरून दुसऱ्या महिन्यात यायचं थांबलेल्या माणसाकडे कोणी जात नाही. ऑफिसातून रात्री नऊला घरी पोचणाऱ्याला तर अशा कुणाची जास्तच गरज आहे. त्याला व्यायाम कळत नाही असं नाही, त्याचा दिवस दुसऱ्यांच्या हातात आहे.

सायकल. हजिऱ्याकडच्या जे. सी. मिलची पाळी सुटली की सायकलींनी रस्ता भरायचा. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. सायकली काही एका दिवसात गेल्या नाहीत. पण महाराज बाड्यावरच्या आजच्या गर्दीत, टेम्पो आणि ई-रिक्षांच्या मधून, शाळकरी मुलाला सायकलवर पाठवायला कोणती आई धजेल? शरीर हलवायला रस्ता लागतो. तो महापालिकेनं द्यायचा असतो, डॉक्टरानं नाही.

किल्ल्याची चढण. ही गेलेली नाही, जागच्या जागी आहे. ग्वाल्हेर दरवाजातून आत शिरलं की गाडी बंद. दरवाजामागून दरवाजा ओलांडत हत्तीपोळीपर्यंत छाती भरून आणणारी चढण. वाटेत चतुर्भुजाचं खडकातलं देऊळ लागतं. इसवी सन 876 चा शून्य कोरलेला लेख तिथलाच. पाहुणे उरवाईच्या बाजूनं मोटारीनं वर जातात आणि वरून फोटो काढून उतरतात. कंपूच्या टेकडीवर मांढऱ्यांच्या मातेचं देऊळ आहे. तिथे नवरात्रात बायका पहाटे पायऱ्या चढतात. उरलेल्या वर्षात त्याच बायकांना चढायला निमित्त सापडत नाही.

इथून पुढची नोंद बायकांचीच आहे.

जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, रहाट. यांच्यासाठी मी गळा काढणार नाही. पहाटे उठून दळण्यानं बायका काटक राहत, असं पुरुष फार कौतुकानं लिहितात. ते कष्ट होते. बाळंतिणीलाही चुकत नव्हते, तापातही चुकत नव्हते. मिक्सर आणि नळ आले, फार बरं झालं. पण कष्ट गेल्यावर त्या जागी काय आलं, हे कोणी पाहिलं नाही. पुरुषाच्या मेहनतीला आखाडा होता, वेळ होती, वस्ताद होता, खुराक होता. बाईच्या अंगमेहनतीला यातलं काही नव्हतं. म्हणून ती मेहनत थांबली तेव्हा मागे रिकामी जागासुद्धा राहिली नाही. तेवढी वेळ मुलांच्या डब्यांनी, शिकवण्यांनी, नोकरीनं आणि सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यानं भरली.

2024 च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये एक मोठा अभ्यास आला. आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रम, म्हणजे भरभर चालण्याइतके, किंवा 75 मिनिटं जोराचे, एवढं माप धरलं, तर 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ त्यात कमी पडत होते. 2000 साली हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं. 2022 मध्ये पुरुषांत 42 टक्के, बायकांत 57. शंभरात पंधरांचा हा फरक आळसाचा नाही. दिवसभर पायांवर असलेली बाई थकते खूप, पण तिच्या हृदयाचे ठोके वाढतील असं चालणं किंवा स्नायूंना ताण मिळेल असं काम त्यात फार थोडं असतं. दमणं वेगळं आणि व्यायाम होणं वेगळं, हे घरातल्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

मंगळागौर. बायकांचा आखाडा म्हणावा असा हा एकच, आणि तोही श्रावणातल्या मंगळवारांपुरता. उभी फुगडी, दंडफुगडी, बसफुगडी, कोंबडा, पिंगा, झिम्मा, सूपनाच. बसफुगडीत उकिडवं बसून एक पाय पुढे, एक मागे, तालावर बदलत राहायचं. चांगल्या पैलवानाच्याही मांड्या भरून येतील. पिंग्यात कमरेतून वाकून घुमायचं आणि तोंडानं आवाज चालू ठेवायचा, म्हणजे श्वासाची कसोटी. रात्रभर जागरण, आणि मधे दम खायला उखाणे. लश्करातल्या वाड्यांचे चौक याला पुरेसे मोठे होते, आणि नवी सून, तिची आते, पन्नाशीची मावशी, सगळ्या एकाच रिंगणात असत. चुकलं तर हसत, पण बाहेर बसवत नसत.

आता मंगळागौर हॉलमध्ये होते. खेळ सादर करणारे संच असतात. एका रंगाची नऊवारी, ध्वनिक्षेपक, तासाभराचा कार्यक्रम. ते छान खेळतात, आणि त्यांच्यामुळेच कित्येक खेळ टिकून आहेत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण बाकीच्या जणी खुर्च्यांवर बसून मोबाईलमध्ये चित्रण करतात. या सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की जो खेळ पाहायचा नव्हताच, त्याला प्रेक्षक मिळाले.

राणीची समाधी. फुलबागेत आहे. 1858 च्या जूनमध्ये लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळच लढता लढता पडल्या. बिठूरला लहानपणी त्या घोडा, तलवार आणि मल्लखांब शिकल्या असं सांगतात. 1857 च्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1957 च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या नावानं ग्वाल्हेरात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं. 1995 पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. देशभरच्या शाळांत कवायत आणि खेळ शिकवणारे कितीतरी शिक्षक इथून गेले. राज्याची महिला हॉकी अकादमीही याच शहरात. म्हणजे खेळणाऱ्या मुलीसाठी ग्वाल्हेरात जागा झाली, आणि ही लहान गोष्ट नाही. चाळिशीतल्या बाईसाठी मात्र झालेली नाही. पदक आणायचं नाही, फक्त साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा आहे, हाडं ठिसूळ होऊ द्यायची नाहीत, अशा बाईला सकाळी रस्त्याच्या कडेनं वाहनं चुकवत चालणं एवढाच पर्याय उरतो.

वेताचा मल्लखांब. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात. त्याचा हा टांगता भाऊबंद. चांगला लांब, लवचिक वेत मिळेनासा झाला, मिळाला तर परवडेनासा झाला, आणि त्याच्या जागी सुती दोर आला. या यादीत गेलेल्या वस्तूच्या बदली तितकीच कसदार वस्तू आल्याचं हे एकच उदाहरण मला सापडलं. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून मुली वर चढतात, वेढा घेतात, आसन लावतात. स्पर्धांमध्ये दोराचा मल्लखांब मुलींचा म्हणूनच रुळला. 2013 साली मध्य प्रदेशानं मल्लखांबाला राज्यखेळ केलं, त्यानंतर शिकायला येणाऱ्या मुलांना निदान सरकारी आधार मिळाला.

दोर टांगायला एक भक्कम तुळई लागते. जुन्या व्यायामशाळांना ती आहे. त्या सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, पुरुषांसाठी आणि मुलांसाठी. दुपारी तीन ते पाच कुलूप असतं, आणि घरातल्या बाईला जरा सवड मिळते ती नेमकी तेव्हा. त्या दोन तासांत बसफुगडी घाला, झिम्मा घाला, सूर्यनमस्कार घाला, दोरावर लोंबकळायला शिकवा. आधी कोणाचे गुडघे कसे आहेत ते विचारा. किल्ली एखाद्या बाईकडेच ठेवा, आणि चार दिवस न आलेलीच्या दारात जाऊन उभं राहायचं कामही तिलाच द्या.