नळीवरची वेळ

किडनी बसवल्यावर घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल तपासायला कोणी आलं की सुई टोचण्याआधी मी विचारतो, "दादा, रात्रीची गोळी किती वाजता घेतली? आणि सकाळची घेतली नाही ना?" लासलगावात लिलावाला ट्रॅक्टर लावून आलेला माणूस घाईत असतो. सकाळची गोळी घेऊन आला असेल, तर मी रक्त घेत नाही. आकडा फुगून येतो, त्यावरून मात्रा उतरवली जाते आणि बसवलेली किडनी शरीर नाकारू शकतं. उलट आकडा खरोखरच चढा असेल, तर हेच औषध किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळून धरतं. बायकोने, आईने दिलेली किडनी तिला वाचवणाऱ्या औषधानेच झिजावी, याचा मला फार त्रास होतो.

याच जातीचं आधीचं औषध सायक्लोस्पोरिन, नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून मिळालेलं. केंब्रिजला प्रत्यारोपण करणारे सर्जन रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांवर आणि डुकरांवर तपासलं. किडनीला धोका असल्याचं तिथे जाणवलं नाही. 1978 मध्ये पहिल्या रुग्णांना दिलं, तेव्हा तो दिसला. उंदरांनीही तो सहजासहजी दाखवला नाही. पुढे संशोधकांनी त्यांच्या खाण्यातलं मीठ तोडलं, तेव्हा काही आठवड्यांतच माणसाच्या किडनीत दिसतात तसे व्रणांचे पट्टे उमटले. शरीरातलं पाणी-मीठ आटलं की किडनी आधीच ताणात असते, त्यात हे औषध.

हे वाचल्यापासून मे महिन्यात माझे प्रश्न वाढले. पिंजऱ्यातल्या उंदराला औषध ठरल्या वेळी मिळतं. इथे रात्रीच्या विजेवर पाणी भरणारा माणूस गोळी कधी घेणार? दिवसभर उन्हात चाळीत कांदा भरला, कंबर धरली, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक आणलं, तर किडनीवर दुहेरी मार. जुलाब झाले असतील, क्षयाची किंवा बुरशीची औषधं चालू असतील, तर आकडा कुठल्या कुठे जातो. डॉक्टरांना फोन न करता यातलं काही घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, ऐकून कंटाळले तरी.

रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतो. हे औषध तांबड्या पेशींत साठतं, म्हणून सीरम वेगळं काढायचं नसतं. नळी हलक्या हाताने उलटसुलट करतो, थंड डब्यात ठेवतो. लेबलवर नावाखाली दोन वेळा लिहितो: शेवटच्या गोळीची आणि रक्त घेतल्याची. मध्ये बारा तास असायला हवेत. दहाच भरले असतील, तर दहाच लिहितो.