मुठीची किंमत



गेल्या महिन्यात मला पंचाहत्तर पूर्ण झाली. सत्कार, शाल-श्रीफळ वगैरे काही नको, असं मी घरात आधीच बजावून ठेवलं होतं. तरी चिरंजीव पुण्याहून आले ते एक छोटीशी काळी डबी घेऊनच. "नाना, उघडा."

आत घडीचा चाकू. पातं चार बोटं, मूठ करड्या रंगाची, कडेला निळसर झाक. अंगठ्याने पातं ढकललं की खट् आवाज करून घट्ट बसतं. हातात घेतला तर इतका हलका, की मला आधी तो प्लॅस्टिकचाच वाटला.

"प्लॅस्टिक काय नाना! टायटॅनियम आहे."

किंमत विचारली तर म्हणाला, "वस्तू बघा ना, किंमत काय विचारता?" रात्री सूनबाईंनी हिला सांगितलं आणि हिने मला. साडेअठरा हजार! माझी झोपच उडाली. १९७४ साली मी नोकरीला लागलो तेव्हा पगार दोनशेच्या थोडा वर होता. त्या हिशोबाने साडेसात वर्षांचा पगार मी टेबलावर ठेवून झोपलो होतो.

सकाळी चहा घेताना मी विषय काढलाच. चिरंजीव भोसरीला एका कारखान्यात यंत्रावर धातूचे भाग कापतात, त्यामुळे त्यांना भलताच हुरूप आला. त्याने सांगितलं ते माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या माणसाला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

हा धातू दुर्मिळ मुळीच नाही. समुद्रकाठच्या काळ्या वाळूत असतो, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी पांढरी पूड घालतात तीही याचीच. इंग्लंडात ग्रेगर नावाच्या पाद्र्याला तो १७९१ मध्ये सापडला. पण वाळूतून शुद्ध धातू बाहेर काढणं महाकठीण. तापल्यावर तो हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन धरून बसतो आणि ठिसूळ होतो. म्हणून आधी क्लोरीनशी संयोग करून घ्यायचा, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमने तो क्लोरीन सोडवायचा. ही क्रोल यांची रीत १९४० च्या सुमाराची आणि अजूनही मुख्यतः तीच चालते. एवढं करून हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. केरळात चवरा येथे असा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला.

पुढे कापायचा त्रास वेगळाच. हा धातू उष्णता लवकर वाहून नेत नाही. त्यामुळे सगळी धग कापणाऱ्या हत्याराच्या धारेवर येते आणि धार बसते. म्हणून यंत्र हळू चालवायचं, पाण्याचा मारा सतत ठेवायचा. बारीक कीस पेट घेऊ शकतो तो वेगळाच. "नाना, पैसे धातूचे कमी आणि वेळेचे जास्त," तो म्हणाला. हे मात्र मला पटलं. मास्तरकीतही तसंच असतं.

बदल्यात मिळतं काय? पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनात भरपूर ताकद. गंज नाही, घामाने खराब होत नाही, थंडीत हाताला गारठा लागत नाही. शिवाय लवचिक. म्हणून मुठीच्याच एका बाजूला चीर देऊन तिची स्प्रिंग करतात आणि तीच पात्याला मागून अडवते. क्रिस रीव्ह या दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या कारागिराने ही रचना रूढ केली. त्याच्या चाकूचं नाव 'सेबेंझा', म्हणजे झुलू भाषेत 'काम'. आणि तो निळा रंग? तो रंगच नव्हे. विजेच्या साहाय्याने धातूवर पातळ थर चढवतात आणि त्यावर प्रकाश खेळतो, साबणाच्या फुग्यावर खेळतो तसा.

एवढ्यात ही आतून म्हणाली, "माझ्या गुडघ्यात घातलाय तोच ना हा?" तोच. तिथे आम्ही किमतीवरून हूं की चूं केलं नव्हतं. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली म्हणून बरं, एवढंच म्हणालो होतो. गरज असली की किंमत दिसत नाही. हौस असली की लगेच दिसते.

मग चिरंजीवांनी माझ्या टेबलाच्या खणातला जुना चाकू काढून दोन्ही शेजारी ठेवले. बाभळीची मूठ, चिरलेली, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. "नाना, हा कुठून घेतला होता?"

"पाथर्डीच्या बाजारातून," मी म्हणालो. गेली चाळीस वर्षं हेच सांगत आलो आहे.

ते खरं नाही.

१९८६ ची दिवाळीनंतरची गोष्ट. मी पाथर्डी तालुक्यात सातवीला शिकवत होतो. एका मुलाच्या दप्तरात हा चाकू सापडला. मी तो काढून घेतला. "सर, द्या ना. कोपीवर कांदा चिरायला लागतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "वडिलांना घेऊन ये, मग देईन." चार दिवसांनी घरचे सगळे ऊसतोडीला निघून गेले. तोही गेला. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. आईबाप फडात असले की कोपीवर धाकट्यांचं पोटापाण्याचं हाच बघायचा, हे मला ठाऊक होतं.

तो शाळेत परत आला नाही. जूनमध्ये त्याची आजी दाखला न्यायला आली. तिने चाकूचं विचारलं नाही. मीही काढून दिला नाही. विसरलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण विसरलो नव्हतो. तोवर मी त्या चाकूने पेन्सिली तासायला, आंबे कापायला लागलो होतो. मूठ माझ्या हाताला फार बरी बसायची. कुणाच्या तरी हाताने वर्षानुवर्षं घासून ती गुळगुळीत झाली होती. ती गोडी कुठल्या यंत्रावर होत नाही, आणि मी ती फुकट घेतली होती.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. आता माझ्याकडे चांगला चाकू आहे, तेव्हा जुना ठेवून घ्यायला सबबही उरलेली नाही. येत्या पंधरवड्यात त्या गावी जाऊन यायचं ठरवलं आहे. तो भेटेल, न भेटेल. भेटलाच तर काय बोलायचं, हे अजून सुचलेलं नाही.

चिरंजीव हे वाचतीलच. पाथर्डीच्या बाजाराबद्दल क्षमस्व. आणि नवा चाकू आवडला, हेही सांगायचं राहून गेलं होतं. कालच त्याने पेरू कापला.

असो. जाऊन आलो की लिहीन.