शेवंड म्हणजे मासा का?

कॅनडाच्या अगदी पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. आकाराने महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडे मोठे, पण वस्ती जेमतेम पाच लाखांची. गंमत म्हणजे तेथील घड्याळही भारतासारखेच अर्ध्या तासाच्या फरकाने चालते. डीअर लेकच्या विमानतळावर उतरून उत्तरेकडे निघाले, की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे डोंगर, असा चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता लागतो. बहुतेक पर्यटक सरळ टोकापर्यंत जातात. हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग दर्यावर्दी जेथे उतरले, ते लान्स-ओ-मेडोज तेथे आहे. पण वाटेतच उजवीकडे वळून कॉन्च किंवा क्रोकसारख्या खेड्यात जाणारा प्रवासी एका वेगळ्याच कहाणीत शिरतो.

कॉन्च हे डोंगरांच्या कुशीतले बंदर. लाकडी घरे, धक्क्याला बांधलेल्या होड्या आणि जूनमध्ये दूरवर तरंगणारे हिमनग. गाव इंग्रजी बोलणारे, आडनावे बहुतांश आयरिश. तरीही या किनाऱ्याचे नाव ‘फ्रेंच शोअर’! फ्रेंचांची येथे ना वसाहत होती, ना किल्ला. होता तो फक्त तहातला एक हक्क.

१७१३ साली उट्रेख्टचा तह झाला आणि न्यूफाउंडलंड इंग्लंडच्या पदरात पडले. फ्रान्सने जमिनीवर पाणी सोडले, पण माशांवर नाही. बेटाच्या उत्तर भागात मासे पकडायचे आणि किनाऱ्यावर सुकवायचे, एवढी मुभा फ्रेंचांनी राखून ठेवली. सुकवण्यासाठी फळ्यांचे माच आणि झोपड्या उभाराव्यात, मात्र हंगाम संपला की किनारा सोडावा, अशी अट होती. १७८३ मध्ये हद्द बदलून केप सेंट जॉनपासून केप रेपर्यंतचा किनारा ठरला. त्याच वेळी इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढून वचन दिले, की आपले प्रजाजन फ्रेंचांच्या मासेमारीत स्पर्धेने अडथळा आणणार नाहीत आणि तेथील कायमची घरे हटवली जातील.

या वचनाने पुढची सव्वाशे वर्षे भांडण पुरवले. फ्रेंच म्हणत, किनारा हंगामात फक्त आमचा. इंग्रज म्हणत, हक्क दोघांचाही, फक्त तुम्हाला अडवायचे नाही. बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या बेओथुक लोकांना तर कोणत्याच तहात कोणी विचारले नाही. त्यांच्यातली शेवटची ज्ञात स्त्री, शानाडिथिट, १८२९ मध्ये वारली.

दर वसंतात सेंट मालो, ग्रानव्हिल अशा बंदरांतून गलबते येत. कॉड पकडायचा, चिरायचा, मीठ लावून वाळवायचा आणि शरद ऋतूत परतायचे. मग हिवाळ्यात माचांची, होड्यांची राखण कोणी करायची? फ्रेंचांनी त्यासाठी आयरिश आणि इंग्रज कुटुंबे ठेवली. या राखणदारांनी घरे बांधली, मुलेबाळे झाली, गावे वसली. ज्यांनी तेथे राहूच नये असे राजाचे वचन होते, त्यांना खुद्द फ्रेंचांनीच वसवले!

पण कागदोपत्री ही माणसे नव्हतीच. जमिनीचा पट्टा मिळेना, न्याय द्यायचा तो उन्हाळ्यात फिरतीवर येणाऱ्या युद्धनौकेच्या कप्तानाने. बेटाच्या विधिमंडळात या किनाऱ्याचे प्रतिनिधी बसले ते १८८२ साली.

याच सुमारास कॉडबरोबर नवा धंदा आला, शेवंडीचा. आपल्या कोकणातल्या शेवंडीचीच ही मोठ्या नांग्यांची थंड पाण्यातली बहीण. पश्चिम किनाऱ्यावर ती उकडून डब्यांत भरणारे कारखाने निघाले, आधी स्थानिकांचे, मग फ्रेंचांचेही. आणि दोन साम्राज्यांच्या मुत्सद्द्यांपुढे प्रश्न उभा राहिला: शेवंड म्हणजे मासा का?

प्रश्न पोरकट वाटतो, पण तहात शब्द होता ‘मासे’ आणि परवानगी होती सुकवण्याची. इंग्रजांचे म्हणणे, शेवंड कवचधारी प्राणी, मासा नव्हे. ती कोणी सुकवत नाही आणि कारखाना म्हणजे झोपडी नव्हे. फ्रेंच म्हणाले, समुद्रातून जाळ्यात येते ते सारे मासेच. कोळणीला विचारले असते तर निकाल तेव्हाच लागला असता.

१८९० मध्ये लंडन आणि पॅरिसने तात्पुरती तडजोड केली. १ जुलै १८८९ रोजी जे कारखाने चालू नव्हते, ते दोन्ही आरमारांच्या अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून चालू द्यायचे नाहीत. त्यानुसार जून १८९० मध्ये ‘एमराल्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेचे कप्तान सर बाल्डविन वॉकर यांनी सेंट जॉर्जेस उपसागरातला जेम्स बेअर्ड यांचा कारखाना ताब्यात घेतला. बेअर्ड हे सेंट जॉन्सचे व्यापारी. त्यांनी थेट कप्तानावरच फिर्याद ठोकली. कप्तानाचा बचाव एवढाच, की परराष्ट्राशी झालेल्या कराराची मी सरकारी हुकमाने अंमलबजावणी केली; त्यात न्यायालयाने पडू नये.

बेटाच्या न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि १८९२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तेच केले. राजाने परक्याशी करार केला म्हणून, कायदा केल्याशिवाय, प्रजेच्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही, असा निकालाचा आशय. ज्या किनाऱ्यावर माणसांचे असणेच कुणाला मान्य नव्हते, तेथल्या शेवंडीच्या कारखान्याने हा न्याय मिळवला. कच्छच्या सीमेच्या निवाड्यावरून १९६९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, तेव्हाही या निकालाची चर्चा झाली.

किनाऱ्याचा प्रश्न मात्र न्यायालयात सुटला नाही. ८ एप्रिल १९०४ रोजी इंग्लंड-फ्रान्सने जगभरची भांडणे एकत्र मिटवली. फ्रान्सने किनाऱ्यावरचा हक्क सोडला, त्या बदल्यात त्याला पश्चिम आफ्रिकेत मुलूख मिळाला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यासाठी आफ्रिकेची जमीन मोजली गेली. आफ्रिकेतल्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

आज क्रोकला फ्रेंच आरमारातील खलाशांची छोटी दफनभूमी आहे. कॉन्चच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत संग्रहालय असून, गावातल्या बायकांनी भरतकाम केलेला साठ मीटरहून लांब पट तेथे पाहायला मिळतो. सारा इतिहास सुईदोऱ्याने भरलेला. घाईत पाहण्याची ही वस्तू नव्हे, निदान अर्धा दिवस हवाच.

फ्रान्स मात्र येथून पुरता गेलेला नाही. बेटाच्या दक्षिणेला, फ्रेंच शोअरपासून बरेच दूर, सेंट पिएर आणि मिकेलॉन ही चिमुकली बेटे आजही फ्रान्सचीच आहेत. तेथे युरो चालतो, बेकरीत लांबट फ्रेंच पाव मिळतो. त्यांच्या सागरी हद्दीचा वाद कॅनडाशी झाला, तेव्हा जून १९९२ मध्ये लवादाने फ्रान्सला दक्षिणेकडे साडेदहा सागरी मैल रुंद आणि दोनशे मैल लांब अशी चिंचोळी पट्टी दिली. आकार त्या पावासारखाच! महिनाही उलटला नाही तोच, २ जुलैला, कॉड संपत आल्याने कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या उत्तर कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार माणसे बेकार झाली. ती बंदी उठली २०२४ मध्ये, तीही मर्यादित पकडीसाठी.

सेंट पिएरला जाण्यासाठी फॉर्च्युन या बंदरातून बोट मिळते. अंतर थोडेच, पण उतरल्यावर घड्याळ अर्धा तास पुढे करावे लागते. भारतीय प्रवाशाने फ्रान्सची वेगळी परवानगी लागते का, हे निघण्यापूर्वीच तपासावे आणि परत कॅनडात शिरायचे असल्याने व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हेही पाहून घ्यावे. हिमनग पाहायचे असतील तर मे-जून बरा. लोकरीचे कपडे मात्र जुलैतही सोबत हवेत.