पाथरीचे नाते समुद्रातल्या किल्ल्याशी

वाचकहो, सोयाबीन घरात आले, हरभऱ्याची पेरणी उरकली, की चार दिवसांची सवड काढा आणि मुरूडचा जंजिरा पाहून या. परभणीहून रात्रीची मुंबईची गाडी धरावी, पुढे एसटीने मुरूड. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कशाला? तर ऐका. अहमदनगरची निजामशाही १४९० साली मलिक अहमदने उभी केली. त्याचे पूर्वज आपल्या पाथरीचे कुळकर्णी होते, असे इतिहासकार फेरिश्ता लिहितो. त्याच निजामशाहीच्या चाकरीत आफ्रिकेतून आलेले सिद्दी, म्हणजे हबशी, होते. जंजिरा त्यांच्याच हाती राहिला.

पुष्कळ हबशी गुलाम म्हणून विकले जाऊन इथे आले. मलिक अंबरही तसाच विकला गेलेला; पण तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० साली त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवायची त्याची रीत प्रसिद्धच आहे. शेतसारा भरलेल्या माणसाला तिचे मोल कळेल.

जंजिऱ्याच्या सिद्दींचे बळ आरमारात होते. गादी बापाकडून मुलाकडेच जाईल असा नेम नव्हता. सरदार मिळून कर्तबगार माणूस निवडत. १६७० नंतर ते मोगलांच्या बाजूला गेले. शिवरायांना, संभाजीराजांना हा किल्ला घेता आला नाही. किनाऱ्यावरच्या रयतेने सिद्दींच्या स्वाऱ्यांचा जाच सोसला, हेही विसरू नये. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले.

आज तटाच्या आत पडके वाडे आहेत, कलालबांगडी तोफ आहे, आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. पाण्यासाठी वणवण केलेल्या आपल्या बायामाणसांना तेच आधी पाहावेसे वाटतील.

आपल्याकडे काळ्या, धिप्पाड माणसाला 'हबशी' म्हणून चिडवतात. मुलांना त्या तलावाच्या काठी बसवा आणि सांगा, हे नाव शिवी नव्हे. बाजारात विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांनी इथे तीनशे वर्षे राज्य राखले.