माशीस माशी

हवाई चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा मी सेफ्टी पिन शोधली नाही. टाच इतकी झिजली होती की रस्त्यावरचं ऊन थेट तळव्याला कळायचं. बोटांखालचा भाग मात्र अजून करंगळीएवढा जाड होता. घरच्यांनी ती चप्पल दोनदा कचऱ्यात टाकली, मी दोनदा काढून आणली. तिसऱ्यांदा कुणी काही विचारलंच नाही. फाटक्या चपलेला इतकं जपणाऱ्या माणसाला एकतर साडेसाती असते, नाहीतर छंद.

मला तिच्या माश्या करायच्या होत्या. गांडूळ नको, कोळंबी नको. गळाभोवती दोरा, पीस, काहीबाही गुंडाळून खोटा किडा करायचा आणि त्यावर मासा फसवायचा, हा साहेबाचा जुना खेळ. त्या किड्याला साहेब माशीच म्हणतो. मराठीत माशाला आणि माशीला वेगळं करायला आधीच एक वेलांटी पुरते, त्यामुळे मला ते नाव परकं वाटलं नाही.

चप्पलच का, हे मला दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर कळलं. पहिल्या दिवशी सोफ्याच्या गादीतला स्पंज घेतला. त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात. बादलीत टाकला तर घोटभर पाणी पिऊन तो तळाशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी थर्माकोल. तो तरंगतो खरा, पण दोरा आवळला की त्याचे मणी सुटतात, आणि फेविक्विकचा थेंब पडला तर डोळ्यांदेखत विरघळतो. चपलेत हवेचे बुडबुडे एकेकटे, दार लावून बसलेले असतात. पाण्याला आत जायला वाटच नाही. चप्पल पुरात वाहून जाते, बुडत नाही, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. मला त्याचं कारण पन्नाशीत कळलं.

कापायला दाढीचं ब्लेड, पाण्यात बुडवून. कोरडं ब्लेड रबरात अडकतं, ओलं सरकतं. निळ्या थराची दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी काढायची. पट्टी फार रुंद नको, नाहीतर गळाचं तोंड भरून जातं आणि मासा चावूनही मोकळा सुटतो. गळ धरायला माझ्याकडे पक्कड आहे. तिच्या दांड्यांना मिठाईच्या खोक्याचं रबरबँड गुंडाळलं की जबडा आपोआप मिटलेला राहतो. मग ती वरवंट्याखाली दाबून ठेवायची. दोरा शिलाई मशीनच्या बॉबिनचा.

आणि इथेच माशी शिंकते. उघड्या गळावर पट्टी बांधली तर ती गरगर फिरते. म्हणून आधी दांडीवर दोऱ्याचा एक थर द्यायचा, त्यावर डिंकाचा ठिपका. दोरा पहिल्या फेरीलाच ओढला तर तो रबराला सुरीसारखा चिरत जातो. माझ्या पहिल्या सहा माश्यांची मुंडकी अशीच उडाली. पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या टेकवायच्या, रुसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो तशा, आणि मग हळूहळू आवळत जायचं. रबर दबतं, कंबर पडते, आणि एकाएकी समोर चपलेचा तुकडा नसतो, मुंगळा असतो. त्याच रबरबँडचे चार-सहा पाय. पाठीवर पांढऱ्या थराचा एक कण, तो माशासाठी नव्हे, माझ्या चष्म्यासाठी.

हा उद्योग किती जुना, तर इसवी सन 200 च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या नदीवरचे लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याशी येणारी दोन पिसं बांधतात, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे तेव्हाही घरातलंच सामान. पुढे इंग्रजांनी त्याची सरदारी केली. सामन माशाच्या माश्यांसाठी जगभरचे पक्षी सोलले गेले, त्यात आपला राखी रानकोंबडाही. सह्याद्रीच्या झाडीत पहाटे आरवणाऱ्या या कोंबड्याच्या मानेवर मेणाचा थेंब सांडावा तसे पिवळे ठिपके असतात. ती पिसं गठ्ठ्यांनी बोटीवर चढत. आज तो कायद्याने संरक्षित आहे. पण वेड संपलेलं नाही: 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने पक्ष्यांची 299 कातडी पळवली, ती या माश्या बांधणाऱ्यांच्या हौसेपायी. त्यातल्या कितीतरी माश्या पाण्याला कधीच लागत नाहीत. काचेच्या पेटीत राहतात. माशाने काय पाहिलं, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

जुन्या कारकुनाची गोष्ट आपल्याकडे सांगतात: मूळ कागदावर माशी चिरडलेली दिसली, म्हणून त्याने एक माशी मारून नकलेत बरोबर त्याच जागी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. माश्या बांधणाऱ्यांत असे कारकून पुष्कळ. पण 1986 साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि पुढे अमेरिकेत, युटा राज्यातल्या ग्रीन नदीवर, कुणीतरी फोमचा एक काळा, अवाढव्य मुंगळा बांधला, त्याला नावच पडलं 'चेर्नोबिल मुंगळा'. तसा मुंगळा पृथ्वीवर नाही. ट्राउट मात्र त्याच्यावर तुटून पडतात. खालून बघणाऱ्याला आकाशाच्या उजेडासमोर एक काळी सावली दिसते, पाण्याच्या कातडीवर पायांनी पडलेले खळगे दिसतात, एक थरथर दिसते. बाकीची कलाकुसर वरच्या मजल्यावरच्यांसाठी.

मे महिन्यात मी डबीत अकरा मुंगळे घेऊन कुडाळला मामाकडे गेलो. साहेबाची काठी माझ्याकडे नाही. त्यांच्यात माशीला वजन नसतं म्हणून जड दोरी फेकतात आणि माशी तिच्यामागून जाते. मामाची बांबूची काठी, टोकाला काठीएवढाच तंगूस. कर्ली नदीच्या कोंडीवर वाऱ्याची झुळूक आली की मुंगळा आपणच तरंगत पाण्यावर टेकतो.

मामाने डबी उघडून वास घेतला.

"माशांका चपली घालूक इलंस? पाय खंय आसत त्येंका?"

एक मुंगळा पहिल्याच फेरीत करंजाच्या फांदीत गेला. तो मी चढून काढला. पीस कुजतं, चप्पल कुजत नाही. दुसरा पाण्यावर बराच वेळ नुसता बसून राहिला. मी काठीचं टोक किंचित हलवलं. पाय थरथरले, आणि खालून एक चकाकी उलटली. बोटभर लांबीचा रुपेरी मासा. गळाचा काटा मी आधीच पकडीने चेपून ठेवला होता, त्यामुळे नाव विचारायच्या आत तो सुटला.

मामा काही बोलला नाही. ओला मुंगळा तळहातावर घेऊन त्याने उलटासुलटा पाहिला, नखाने दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगला.

"खंयच्या पायाची?"

"उजव्या."

"मगे डावी खंय आसा?"