रकान्यातली अमेरिका

२ एप्रिल १९११ च्या रात्री घरात असलेल्या प्रत्येकाची नोंद आयर्लंडमधल्या कुटुंबप्रमुखाला एका कागदावर करायची होती. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, लग्न, आणि मग जन्मस्थान: देशातलं असेल तर कौंटी, बाहेरचं असेल तर देशाचं नाव. समजा, गॉलवेतल्या एका घरात हा रकाना वरून खाली असा उतरतो: आजी गॉलवे, मुलगा गॉलवे, सून गॉलवे, ९ वर्षांची नात अमेरिका, ७ वर्षांचा नातू अमेरिका, ३ वर्षांची धाकटी पुन्हा गॉलवे. जहाजाचं नाव नाही, बंदर नाही, तरी एका घराने समुद्र दोनदा ओलांडल्याचं या सहा शब्दांतून दिसतं. सात वर्षांचा नातू जन्मला तेव्हा, म्हणजे १९०३-०४ मध्ये, आई तिकडे होती. धाकटी जन्मली त्याआधी, १९०८ च्या वसंतापूर्वी, आई घरी आली. परदेशी जाऊन परतलेल्या आयरिश पूर्वजाचा माग काढताना सुरुवात अशा घरातल्या कागदापासून करावी आणि बंदराकडे सगळ्यात शेवटी वळावं, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आणि त्यांचंही चुकतं असं म्हणवत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बाहेरून आलेल्या उतारूंच्या याद्या १८७८ पासून आहेत, त्या संगणकावर शोधता येतात. मग तिथेच का पाहू नये? कारण त्या यादीतला पॅट्रिक मर्फी म्हणजे नाव, अंदाजे वय आणि ‘मजूर’ एवढाच ऐवज. आयर्लंडात साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत, आपल्याकडच्या वाडीएवढे जमिनीचे तुकडे, आणि ओळख पटते ती त्या वाडीवरून. यादीत नेमकी तीच नसते. अमेरिकेकडे जाणाऱ्या याद्या मात्र जास्त बोलतात. १८९३ पासून तिथे प्रत्येकाला विचारलं जाई, याआधी अमेरिकेत राहिला होता का, केव्हा, कुठे? ‘होय’ असं उत्तर देणारा मधल्या काळात कुठेतरी परतला होता हे उघड आहे. परतीचा सर्वांत भक्कम लेखी पुरावा असा दुसऱ्यांदा जाण्याच्या नोंदीत सापडावा, हे या कामाचं वैशिष्ट्य मला नेहमी विलक्षण वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा की, आयरिश माणूस परततच नसे. इटालियन मोठ्या संख्येने परतले. आयरिशांत दहातला जेमतेम एक, असा अंदाज सहसा मांडला जातो. मग अपवादासाठी एवढा खटाटोप कशाला? हा हिशेब देश सोडून निघालेल्या सगळ्यांचा आहे. आज आयर्लंडमध्येच असलेल्या घराचा पूर्वज शोधताना आपण जे तिथे उरले त्यांच्यातच शोधत असतो, आणि त्या गटात परतलेल्यांचं प्रमाण आपोआप वाढतं. त्यातही कित्येक मुली न्यूयॉर्क-बॉस्टनला घरकाम करून हुंड्यापुरते पैसे साठवून आल्या आणि गावातच लग्न करून नव्या आडनावाआड गेल्या. डोनेगलचा मिकी मॅक गावन मॉन्टानाच्या खाणींतून क्लोंडाइकच्या सोन्यापर्यंत पोचला आणि १९०२ मध्ये गावी येऊन स्थिरावला. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने म्हातारपणी सांगितलेली हकीकत जावयाने लिहून घेतली आणि १९५९ मध्ये तिचं पुस्तक झालं. प्रत्येकाला असा जावई लाभत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मला मान्य आहे. मूल अमेरिकेत जन्मलं यावरून मूल आलं एवढंच सिद्ध होतं, आईबाप आले हे नाही. आयरिश नेता एमन डी व्हॅलेरा १८८२ मध्ये न्यूयॉर्कला जन्मला, १८८५ मध्ये मामाने त्याला लिमरिकमधल्या ब्रुरीला आजोळी आणलं, आई मात्र अमेरिकेतच राहिली. म्हणून एका रकान्यावर थांबता येत नाही. त्याच घराचा १९०१ चा कागद काढायचा. त्यात म्हातारी एकटी असेल आणि १९११ मध्ये मुलगा-सून घरात असतील, तर दावा उभा राहतो. मग जमीनमूल्यांकनाच्या फेरवह्या पाहायच्या. बदल झाला की जुन्या कुळाच्या नावावर रंगीत शाईची रेघ, वर नवं नाव, कडेला वर्ष. १९०७ च्या आसपास आईच्या नावावर रेघ आणि वर मुलाचं नाव दिसलं, तर शंका बरीच फिटते. बापलेकांचं नाव एकच असेल तर मात्र फेर चढवायचा राहूनही जातो, हे ध्यानात ठेवावं.

वयाचं कोडं वेगळं. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कितीतरी माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. कारण १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन देऊ केलं, १९०९ च्या जानेवारीपासून ते हाती पडू लागलं, आणि १८६४ पूर्वी जन्मलेल्या कुणाकडेच सरकारी जन्मदाखला नसे. पण त्याच कायद्यात वीस वर्षांच्या वास्तव्याची आणि ब्रिटिश प्रजाजन असण्याची अटही होती. मध्येच पंधरा वर्षं शिकागोत काढलेल्या, तिथलं नागरिकत्व घेतलेल्या म्हाताऱ्याने ती वर्षं गिळून टाकली असतील, तर त्यात लबाडीपेक्षा गरज मोठी होती असं मी मानतो. म्हणून ‘आमचे आजोबा कधी कुठे गेलेच नाहीत’ ही घरातली आठवण मी उलट पुरावा म्हणून धरत नाही.

याच रकान्यात काही घरांत ‘इंडिया’ही येतं. १८८१ मध्ये मुंबई इलाख्याची जुनी युरोपियन पलटण रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये सामील झाली. अशा पलटणींतल्या सैनिकांच्या छावणीत जन्मलेल्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मुंबई इलाख्याच्या दप्तरात, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, शोधाव्या लागतात.

पुन्हा त्या गॉलवेच्या घराकडे येऊ. १९११ च्या कागदावर विवाहित स्त्रीसाठी आणखी तीन आकडे होते: लग्नाला किती वर्षं, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात. समजा सुनेपुढे ११, ४, ३ असे आकडे आहेत. लग्न १९०० च्या सुमाराचं, आणि ते आयरिश विवाहसूचीत सापडत नाही, म्हणजे बहुधा तिकडचंच. हयात तिघं घरातच आहेत. नातू आणि धाकटी यांच्यामध्ये चार वर्षांची रिकामी जागा आहे, तिथे चौथं मूल असावं. मोठ्यांपैकी एकाच्या जन्मस्थानापुढे ‘अमेरिका’बरोबर ‘बॉस्टन’ही लिहिलेलं असेल, तर मॅसॅच्युसेट्सची मृत्युनोंद उघडावी. तिथे बाळाच्या नावापुढे बापाचं नाव, आईचं माहेरचं नाव आणि दोघांचं जन्मस्थान लिहीत. परत न आलेल्या त्या बाळाच्या ओळीत दोन्ही काठांची नावं एकत्र मिळतात. आईचं माहेरचं आडनाव गॉलवेच्या धर्मग्रामाच्या रजिस्टरशी ताडून पाहायचं काम तिथून सुरू होतं.