वळचणीचे पोळे

वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर आणि तेथून आंबेनळीने उतरून पोलादपूर, ही वाट तुमच्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिली असेल. कोणी प्रतापगडासाठी जातो, कोणी क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळासाठी. मी यंदा दिवाळीत याच वाटेने गेलो तो एक प्रश्न घेऊन. वळचणीला लागलेल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याचे काय करायचे?

प्रश्न साधा वाटेल. गांधीलमाशी कोणाच्या घरी नसते? पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी तो साधा राहिलेला नव्हता.

अक्काला वाईजवळ कृष्णाकाठी दिली आहे. थोडा ऊस, थोडी हळद, दोन म्हशी आणि कौलारू घर. मागच्या वर्षी वैरण काढताना तिच्या मानेवर एकच गांधीलमाशी डसली. पाच-दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घोगरा झाला आणि ती गोठ्यातच खाली बसली. दाजींनी शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेले, म्हणून यंदाची भाऊबीज झाली. डॉक्टरांनी बजावले आहे, "पुन्हा डंख झाला तर याहून वाईट होऊ शकते. घरी बसून वाट पाहू नका."

यंदा ओवाळून झाल्यावर ताटात पैसे टाकायला गेलो, तर अक्काने माझा हात धरला. म्हणाली, "पैसे राहू देत भाऊ. गोठ्याच्या दारावरचं तेवढं काढून दे, तीच ओवाळणी."

जाऊन पाहिले. दारावरच्या वाशाला तळहाताएवढे, राखाडी कागदाच्या छत्रीसारखे पोळे लटकत होते आणि त्यावर पंचवीस-तीस पिवळ्या माश्या. दाजी म्हणाले, "टेंभा पेटवू, क्षणात काम." सासूबाई म्हणाल्या, "नको, जीव जाळायचा नाही दिवाळीचा." मला पोलादपूरकडे मावशीकडे जायचे होते. म्हटले, दोन दिवसांनी परत येतो, तोवर अक्काने त्या दाराने जायचे नाही.

निघता निघता भाच्याने खिडकीतले मातीचे घरटे दाखवले आणि काठी उचलली. मी त्याला थांबवले. ती कुंभारीण. ओल्या चिखलाच्या गोळ्या आणून एकटीच घर बांधते. तिला राखायला सैन्य नसते, म्हणून ती अंगावर धावून येत नाही. हातात दाबली तरच डसेल. कीर्तनात आपण ऐकतो की, कुंभारीण आळीला घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यास घेऊन आळीची कुंभारीण होते. बुवांचा दृष्टांत गोड आहे, पण आत घडते ते वेगळे. कुंभारणीची एक जात कोळी पकडते, दुसरी आळ्या. डंख मारून त्यांना लुळे करते, मारून टाकत नाही, म्हणजे शिकार ताजी राहते. तिच्यासोबत अंडे घालून दार लिंपते. अंड्यातून निघालेले पोर ती शिदोरी खाऊन वाढते आणि माती फोडून बाहेर पडते. तेव्हा मातीचे घरटे दिसले की घाबरू नका. भोक पडलेले असेल तर ते रिकामेच समजा.

पसरणीच्या घाटात गाडी वळणे घेऊ लागली. मागे धोम धरणाचे पाणी आरशासारखे चमकत होते. एका वळणावर गाडी थांबली, तेव्हा कड्याच्या कपारीला आग्या मोहोळ दिसले. दोन पोरांनी दगड उचलले, तर कंडक्टर असे ओरडले की दगड हातातच राहिले. बरोबरच केले त्यांनी. आग्या मोहोळ हे घरच्या माणसाने हात घालायचे कामच नव्हे. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती आपल्या कातडीत रुतते आणि माशी मरते, पण नांगीच्या वासाने दुसऱ्या शेकडो धावून येतात. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत. ती रुतून बसत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. मधमाशी डसली तर नांगी लगेच नखाने खरवडून काढावी. गांधील डसली तर शोधत बसू नये, आधी तेथून दूर व्हावे.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. पर्यटकांची गर्दी बाजारात, पण मला जायचे होते मधाच्या माणसांकडे. तेथून थोड्या अंतरावर मांघर गाव आहे. २०२२ च्या मे महिन्यात ते देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. बहुतेक घरांचा मधपाळीशी संबंध. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी यांचा मध या डोंगरात होतो. मधपेट्यांत असते ती सातेरी माशी.

तेथे एका म्हाताऱ्या मधपाळाच्या परसात बसलो होतो. पेटीच्या तोंडाशी एक मोठी काळी गांधील घिरट्या घालत होती, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. बाबा म्हणाले, "ही आमची दरोडेखोर. दारातून माशी उचलते आणि आपल्या पोरांना चारते."

मी विचारले, "मग मारत का नाही?"

"पेटीवर आली तर चपटीने मारतो, दार बारीक करून ठेवतो. पण रानात जाऊन तिचं घर पेटवत नाही. सातेरीसुद्धा काही कमी नाही."

सातेरीचे शौर्य खरोखर ऐकण्याजोगे आहे. गांधील दाराशी आली की सगळ्या मिळून पोटे थरथरवतात, जणू सांगतात, तू दिसलीस. तरीही ती आत घुसली, तर शेकडो माश्या तिला चेंडूसारख्या लपेटतात आणि अंगाची उष्णता वाढवतात. पंचेचाळीस अंशांच्या पुढे गांधील तग धरत नाही. सातेरी त्याहून किंचित जास्त सोसते. त्या थोड्याशा फरकावर सारे घर वाचते.

बाबांनी मग आपल्या कोबीच्या वाफ्याकडे बोट दाखवले. तेथे पिवळ्या गांधिली पानापानावरून फिरत होत्या. एकीने हिरवी आळी धरली, चावून तिचा गोळा केला आणि घेऊन गेली. गांधील स्वतः फुलांचा रस नि गोड खाते. मांस लागते ते पोळ्यातल्या पोरांना. म्हणजे तिच्या घरी पोरे जितकी जास्त, तितक्या आपल्या पिकावरच्या आळ्या कमी. बाबा म्हणाले, "शत्रू म्हणू नका तिला. शेजारीण म्हणा. फक्त शेजार कुठवर, ते आपण ठरवायचं."

हे वाक्य गाठीला बांधून मी आंबेनळी उतरलो. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा मागे पडला, आणि खाली उतरू तशी हवा दमट होत गेली. पोलादपूर आले, सावित्री दिसली, आणि संध्याकाळी मावशीच्या अंगणात पोचलो.

मावशीच्या पडवीत बसलो आणि वर लक्ष गेले. एक वासा कोळशासारखा काळा. मावशी म्हणाली, "ते आपलं शहाणपण हो." तीन वर्षांपूर्वी तिच्या दिराने पोळ्याला टेंभा लावला होता. माश्या निम्म्या जळाल्या, निम्म्या अंगावर आल्या, तो टेंभा टाकून पळाला. टेंभा पडला पडवीच्या कडेला रचलेल्या पेंढ्यावर. घर वाचले, पण वर्षाचा पेंढा गेला आणि बांधलेली पाडी होरपळली. ते सांगताना मावशीचा आवाज अजून उतरत होता. "आणि एवढं करून," ती म्हणाली, "पंधरा दिवसांत तिथंच हातभरावर नवं पोळं."

असे का होते याचे उत्तर तिच्या खिडकीतच होते. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक तांबूस गांधिलींचे पोळे. या जातीचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके केला. त्यांना असे आढळले की, हिची राणी अगदी गरीब स्वभावाची असते. पण राणी नाहीशी झाली की कामकरणींपैकी एक एकाएकी खाष्ट होते आणि आठवडाभरात तीच राणी होऊन अंडी घालू लागते. म्हणजे नुसती राणी मारून किंवा अर्धे पोळे पाडून उपयोग नाही. अर्धवट काम म्हणजे चिडलेल्या माश्या आणि पुन्हा तोच संसार.

परत फिरताना एस.टी.त बसून मी सारे मनात लावले. तिसऱ्या दिवशी अक्काकडे पोचलो, तेव्हा काय करायचे ते ठरले होते. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून तपशिलाने सांगतो.

आधी दिवसा लांबून पाहणी केली. पोळे उघडे, छत्रीसारखे आणि तळहाताएवढे असेल, तर जाणत्या माणसाला ते काढता येते. पण भोपळ्याएवढे, सगळीकडून बंद आणि एकच भोक असलेले, किंवा बांधातल्या, भिंतीतल्या बिळात शिरणारे असेल, तर ते मोठ्या गांधिलीचे. त्याला घरच्या कोणी हात लावू नये. वन खात्याला, अग्निशमन दलाला किंवा या कामाच्या माहितगाराला बोलवावे आणि तोवर तेथे खूण करून पोरांना, गुरांना दूर ठेवावे.

अक्काला आणि भाच्याला संध्याकाळीच शेजारी पाठवले. म्हशी दुसरीकडे बांधल्या. पाठीवरचा फवारणीचा पंप तीनदा धुतला, कारण औषधाचा अंश वैरणीवर पडला तर म्हशीच्या पोटात जायचा. त्यात पाणी आणि मूठभर कपड्याच्या साबणाची पूड कालवली. रात्री नऊनंतर सगळ्या माश्या पोळ्यावर येऊन निजतात, अंधारात त्या सहसा उडत नाहीत. बॅटरीला लाल कागद बांधला, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. दाजींनी आणि मी जाड कपडे घातले, पायजम्याची टोके मोज्यांत खोचली, डोक्यातोंडाला उपरणे गुंडाळले. शिडी घेतली नाही. माशी डसली नाही तरी शिडीवरून पडून माणूस जायबंदी होतो.

जमिनीवरून, थोडे बाजूला उभे राहून पोळ्यावर साबणपाण्याचा फवारा धरला. माशीच्या अंगावर मेणासारखा थर असतो, साधे पाणी त्यावरून ओघळते. साबणाचे पाणी मात्र अंगाला भिनते आणि श्वासाची भोके बुजवते. टपटप माश्या खाली पडल्या. मिनिटभर फवारा चालू ठेवला, मग लांब बांबूने पोळे पाडून साबणाच्या बादलीत बुडवले. सकाळी वाशावरचा देठ खरवडून काढला, भेगा चिखलशेणाने बुजवल्या. आग नाही, रॉकेल नाही.

दाजी म्हणाले, "कुंपणाच्या शेवरीवर एक आहे, तेही काढू का?" ते घरापासून पन्नास पावलांवर, उंच फांदीवर होते. तेथे अक्का जात नव्हती आणि खाली भाजीचे वाफे होते. आम्ही ते ठेवले. भाच्याला तेवढे सांगितले की, त्या झाडाला दगड मारायचा नाही.

आता डंखाविषयी, कारण एवढे करूनही डंख होतोच. जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढा. चुना, विळ्याचे पाते घासणे यांत वेळ घालवू नका. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसले, तर तो साधा डंख नव्हे. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. तेथे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन जीव वाचवते. आणि एकदम पुष्कळ डंख झाले असतील, तर माणूस ठीक दिसत असला तरी दवाखान्यात दाखवाच. विषाने मूत्रपिंडावर आघात होतो तो एक-दोन दिवसांनीही दिसतो. लघवी तांबडी, काळपट किंवा कमी झाली, तर क्षणाचाही उशीर नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो, तेव्हा अक्का वर्षभराने त्या दारातून वाकून आत गेली. आधी तिने वर पाहिले, मग पदर खोचला आणि म्हशीला हाक मारली. धार काढल्याचा आवाज ऐकूनच मी एस.टी.च्या वाटेला लागलो. तुमच्याही वळचणीला एकदा उजेडी नजर टाका. कोणते पोळे काढायचे नि कोणते राखायचे, ते टेंभा हातात घेण्याआधी ठरवा.